मामाचे भाण

२०२४ च्या चैत्रात, पाडव्यानंतर चार दिवसांनी, केरीहून मामाचा फोन आला. मामा फोनवर कधी जास्त बोलत नाही. "गो बाय, भाण विकतां. तुका जाय जाल्यार यो," एवढेच म्हणाला आणि फोन ठेवला.

भाण म्हणजे तांब्याचे मोठे, पोटाळे, अरुंद तोंडाचे भांडे. मंगळूरकडचे कोकणी लोक न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या भांड्यालाही भाणच म्हणतात. आपण त्याला हंडा म्हणतो, कन्नडमध्ये हंडे. पण मामाचे भाण अंघोळीच्या पाण्याचे नव्हते. त्यात काजूच्या बोंडवांचा आंबलेला रस उकळायचा आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब फेणी उतरायची. माझ्या आजोळी दारूची भट्टी होती. हे वाक्य मी या वयात, छापील कागदावर, प्रथमच लिहिते आहे.

त्याला कारण आहे. १९८४ साली मी बेळगावात शहापुरातल्या ज्या घरी सून म्हणून आले, त्या घरात 'भट्टी' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. बाहेर मराठी, आत कन्नड असे आमचे घर. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, बैलहोंगल तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. त्यांच्या कन्नडमध्ये भट्टी या शब्दाच्या मागे 'कळ्ळ' हा शब्द लागूनच यायचा. कळ्ळभट्टी. कळ्ळ म्हणजे चोर. ओढ्याकाठी, उसाच्या फडात, रात्री पेटणारी ती चोरटी भट्टी. अत्तींचा पाठचा भाऊ आधी त्या भट्टीची आणि नंतर प्लॅस्टिकच्या पाकिटातून मिळणारी सारायी पिऊन गेला. तेव्हा त्याच्या मुलीचे लग्न व्हायचे होते. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायीवर बंदी आली, त्या दिवशी अत्तींनी शेजारपाजारी साखर वाटली होती. अशा बाईला मी काय सांगणार होते? "आजोळी काय आहे?" असे विचारले की मी म्हणायची, "गेरूची बाग आहे." ते खोटे नव्हते, अर्धे होते इतकेच.

माझे वडील बेळगावात शाळामास्तर. कर्नाटकातल्या शाळा एप्रिलच्या दहा तारखेच्या सुमाराला सुटतात, आणि तोच काजूचा ऐन मोसम. आई आम्हा भावंडांना घेऊन माहेरी निघायची. त्या काळी चोर्ल्याचा रस्ता आजच्यासारखा नव्हता. अनमोडचा घाट उतरून फोंडा, मग साखळी, मग केरी, असा सगळा दिवस मोडायचा. वाडीच्या अलीकडे एक ओहोळ लागायचा आणि तिथेच पहिल्यांदा तो वास यायचा. पिकलेले बोंडू, ओले लाकूड, धूर, आणि खाली कुठेतरी आंबूस असे काहीतरी. आई नाकाला पदर लावायची. मी मात्र खोल श्वास घ्यायची.

काजू हे झाड मुळात आपले नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणले आणि काजू हे नावही ब्राझीलच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आले. नारळाच्या सुरेपासून मद्य काढणारे रेंदेर गोव्यात होतेच. त्यांच्या हातची विद्या नव्या फळाला लागली. दक्षिण गोव्यात अजूनही माडाची फेणी निघते. आमच्या सत्तरीच्या डोंगरात मात्र काजूचेच राज्य.

भट्टीचा पहिला नियम आजीने मला सहाव्या-सातव्या वर्षी शिकवला: झाडावरचा बोंडू तोडायचा नाही. आपण होऊन खाली पडेल तोच घ्यायचा. तोडलेल्या बोंडवात तुरटपणा राहतो आणि साखर पुरती भरलेली नसते. पहाटे बायका टोपल्या घेऊन डोंगरावर जात. हातात टोकाला खिळा मारलेली काठी. वाकायचे नाही, बोंडू टोचून उचलायचा, बी पिरगळून वेगळी करायची. बी एका पिशवीत, बोंडू टोपलीत. बी म्हणजे नगद पैसा, ती वाळवून व्यापाऱ्याला जायची. बोंडू लगेच नासणारा, म्हणून भट्टी. तेव्हा वाटायचे की ही साधी घरगुती काटकसर आहे. फळ वाया जाऊ नये, एवढेच.

बोंडू कोळमीत ओतत. कोळमी म्हणजे जांभ्या दगडात कोरलेला उथळ चौकोनी हौद, एका बाजूला उतार आणि रस वाहून जायला भोक. धाकटा मामा आणि दोन गडी पाय धुऊन त्यात उतरत आणि भिंतीचा आधार घेऊन मळत. आम्हा मुलांना उतरायची परवानगी नव्हती, पण शेवटी शेवटी आजी डोळेझाक करायची. बोंडवाचा रस पायाला चिकटून वाळला की त्वचा ओढल्यासारखी होते आणि अंगाला लागला तर कपड्यावरचा डाग जन्मभर जात नाही. माझ्या एका पिवळ्या फ्रॉकवर तो होता. आईने तो फ्रॉक बेळगावात कधी घालू दिला नाही.

मळून झाल्यावर उरलेल्या चोथ्याचा ढीग रचायचा, त्याभोवती रानवेल गुंडाळायची म्हणजे तो फाकत नाही, आणि वर मोठा दगड ठेवायचा. रात्रभर त्यातून थेंब थेंब जो रस गळतो तो निरो. निरो आंबवायला घालत नाहीत, तो प्यायचा. सकाळी गार निरो पितळी पेल्यातून प्यायलेल्या माणसाला नंतर कोणतेही सरबत आवडत नाही. त्यात दारूचा अंश नसतो. दुपारपर्यंत ठेवला तर मात्र तो आपण होऊन उद्योगाला लागतो.

मळलेला पहिला रस मातीच्या मोठ्या कोडम्यात ओतत. कोडमे अर्धे जमिनीत पुरलेले, म्हणजे रस उन्हाने तापत नाही. त्यात काहीही घालत नाहीत. ना गूळ, ना साखर, ना खमीर. बोंडवाच्या सालीवरच जे सूक्ष्म जंतू असतात, ते साखर खात राहतात. पहिल्या दिवशी वर फेस येतो, दुसऱ्या दिवशी कान लावला तर आत पाऊस पडल्यासारखा आवाज येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो आवाज थांबतो. मोठा मामा कोडम्याला कान लावून बसायचा. "निद्लो," म्हणायचा. झोपला. आता भाणात घालायचा.

मामाच्या भाणात तेलाचे सहा-सात डबे रस मावायचा. भाण तीन दगडांच्या चुलीवर मातीने पक्के बसवलेले. तोंडावर लाकडी झाकण, झाकणातून निघणारी नळी, नळीचे दुसरे टोक लवणीत. लवणी म्हणजे मातीचा गोल मडका, पाण्याच्या दोणीत बसवलेला. जोडाजोडाला चिंधी आणि वर वारुळाची मळलेली माती. कुठे एक केसाएवढी फट राहिली तर वाफ तिथूनच जाते आणि दिवसाची कमाई हवेत. रस उकळला की आधी दारूची वाफ उठते, कारण पाण्याला उकळायला शंभर अंश लागतात आणि दारूला अठ्ठ्याहत्तर पुरतात. ती वाफ नळीतून लवणीत येते आणि गार पडून तिचे पाणी होते. लवणी गार राहावी म्हणून तिच्यावर सतत पाणी ओतायचे. हे काम आम्हा मुलांचे. करवंटीचा लांब दांड्याचा डवला आणि समोर ओहोळाचे पाणी. पाच मिनिटे हात थांबला तरी मामाची हाक यायची.

बाकी सगळे कसब जाळात. जाळ वाढला तर रसच उसळून नळीत शिरतो आणि उतरलेला माल गढूळ, करपट होतो. जाळ कमी झाला तर वाफच उठत नाही. मामा काजूची, अकेशियाची लाकडे कधीच एकदम सारत नसे. एक आत, एक बाहेर, असे त्याचे चालायचे. तांबे का, मातीचे किंवा लोखंडाचे का नाही, असे मी एकदा विचारले होते. आधी मातीचेच असायचे, फुटायचे, म्हणून तांबे, असे त्याचे उत्तर. शाळेत रसायनशास्त्र शिकल्यावर दुसरे कारण कळले. आंबलेल्या रसात गंधकाची काही घाणेरड्या वासाची संयुगे तयार होतात, तांबे ती स्वतःकडे ओढून घेते. म्हणूनच भाण दर खेपेला चिंच आणि राखेने घासावे लागते. आजी घासताना भाणाशी बोलायची, तान्ह्या मुलाला न्हाऊ घालताना बोलतात तशी.

पहिल्या उकळीला जे उतरते तो हुर्राक. सौम्य, साधारण पंधरा टक्क्यांचा. सहा-सात डबे रसातून जेमतेम दीड-दोन डबे. तो टिकत नाही, मोसमातच संपवायचा. हुर्राकात आणखी आंबलेला रस मिसळून पुन्हा भाणात घातला की कडक माल येतो, पूर्वी त्याला काझुलो म्हणत आणि तो पुन्हा एकदा हुर्राकाबरोबर उकळून तिसऱ्या खेपेला खरी फेणी. आजकाल बहुतेक ठिकाणी दोन खेपांतच काम उरकतात. बाटलीवर ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो, पण मामा टक्के मानत नाही. त्याची भाषा ग्रावाची. ग्राव हा पोर्तुगीज शब्द, अर्थ अंश. ग्राव मोजायची काचेची नळी त्याच्याकडे होती आणि ती तो सरकारी माणूस आला तरच काढायचा. एरवी पेल्यात थोडी ओतून हलवायची आणि वर येणारे फेण बघायचे. बारीक मोत्यांसारखे फेण कडेला थांबले तर झाली फेणी. फेण म्हणूनच फेणी, असे सगळेच सांगतात.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी आजोळच्या भट्टीचे गोडवे गाते आहे. तर आता पुढचे सांगते. माझा धाकटा मामा, कोळमीत नाचत नाचत बोंडू मळणारा, आम्हाला खांद्यावर घेऊन आजोबा देवस्थानाच्या जत्रेला नेणारा, १९९१ साली बेचाळिसाव्या वर्षी गेला. पोटात पाणी झाले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. तो कळ्ळभट्टीची प्यायला नव्हता. घरची, शुद्ध, तीन खेपांची, झाडावरून आपण होऊन पडलेल्या बोंडवांची फेणीच प्यायला होता. आजीने त्या वर्षी भट्टी पेटवू दिली नाही. भाण उलटे घालून ठेवले. पुढच्या वर्षी मोठ्या मामाने पुन्हा पेटवली, कारण धाकट्याच्या आजारपणाचे कर्ज फेडायचे होते. आजी काही बोलली नाही. पण ती पुन्हा भाणाशीही कधी बोलली नाही, असे मामी सांगते.

बेळगावात आम्ही सुतक पाळले. अत्तींनी विचारले, काय झाले होते? मी म्हटले, कावीळ. तेही अर्धेच खरे.

तर २०२४ च्या त्या फोननंतर मी यजमानांना म्हटले, केरीला जाऊन येऊ. ते निवृत्त आहेत, गाडी चालवायची हौस आहे. अत्ती झोपाळ्यावर बसल्या होत्या. वय शहाऐंशी. "नानू बरतीनि," म्हणाल्या. मीही येते. माझ्या हातातले ताट तसेच राहिले. चाळीस वर्षांत त्या माझ्या आजोळी कधी आल्या नव्हत्या. घाटाचा रस्ता, ऊन, तुम्हाला सोसणार नाही, असे मी दहा कारणे सांगितली. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग पिशवीत आपले औषधाचे डबे भरू लागल्या.

जांबोटी, कणकुंबी करत घाट उतरलो. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी त्यांनी गाडी थांबवून हात जोडले. बैलहोंगलकडच्या माणसाला मलप्रभा म्हणजे आईच. हा सगळा टापू मोठा गमतीचा आहे. तीन राज्यांच्या हद्दी इथे एकमेकींना चिकटून आहेत आणि तिन्हीकडे काजू तोच, तसाच मोहरणारा. पण चंदगड, दोडामार्गकडे बी कारखान्यात जाते आणि बोंडू झाडाखाली कुजतो, तेच खत. आमच्या खानापूर तालुक्यात भट्टी पेटवली तर तुरुंग. आणि घाट उतरून गोव्याच्या हद्दीत गेले की तीच भट्टी परवान्याची. अबकारी खाते दर वर्षी काजूच्या झोनांची पावणी करते, ज्याची बोली त्याचा झोन. डोंगराला हे काही ठाऊक नसते.

मामाने त्या वर्षी झोन घेतलाच नव्हता. गुडघे गेले. मामेभाऊ होंड्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, त्याला पहाटे डोंगर चढायला वेळ नाही. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर बोंडवाच्या मानाने मजुरी जास्त. कोळमीत उतरायला कोणी तयार नाही, आता यंत्राने चुरतात. कोडम्याच्या जागी प्लॅस्टिकची पिंपे आणि लवणीच्या जागी पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी आली. मामा त्यालाही नावे ठेवत नाही, डवला घेऊन बसणाऱ्या मुलांचे हात तरी वाचले म्हणतो. त्याचा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बाजारात स्वस्त स्पिरिटमध्ये थोडी फेणी घालून तिलाच फेणी म्हणून विकणारे आहेत आणि त्यांच्या भावात खऱ्या फेणीवाल्याला विकणे परवडत नाही. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, गोव्यातल्या कुठल्याही वस्तूला मिळालेले ते पहिले. २०१६ साली गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला. पर्यटक आता भट्टी बघायला येतात, हुर्राकाचे पेले हातात घेऊन फोटो काढतात. मामा म्हणाला, "वारसो म्हणटात खंय. बोंडू कोण मळटलो?"

पण शेजारच्या झोनवाल्याने त्याला एक दिवस दिला होता. शेवटची खेप, त्याच्या परवान्यावर, मामाच्या भाणात. आम्ही पोचलो तेव्हा जाळ लागलेला होता.

अत्तींना मी घरात मामीपाशी बसवले आणि एकटीच खाली गेले. मागून काठीचा आवाज आला. त्या चालत आल्या होत्या, मामीचा हात धरून. त्या भाणासमोरच्या दगडावर बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मामा ओशाळला. हातातले लाकूड कुठे ठेवावे ते त्याला कळेना. मग अत्तींनी त्यांच्या मराठीत, जिच्यात क्रियापदे नेहमी कन्नडच्या चालीने येतात, विचारले, "ह्यात नवसागर घालताय काय?"

मामाला प्रश्नच कळला नाही. मी समजावले. चोरट्या भट्टीत गूळ आणि नवसागर घालतात, कधी त्याहून वाईट काही. मामा म्हणाला, नाही हो, यात बोंडवाशिवाय काहीच नाही. अत्ती म्हणाल्या, "मग हे पिऊन माणसं मरत नाहीत?"

मी मामाकडे बघत होते. तो सहज म्हणू शकला असता की नाही, ही शुद्ध असते, औषध असते. गावोगाव सगळे हेच म्हणतात. विषारी दारूची गोष्ट वेगळी असते हेही खरे आहे. १९८१ साली बेंगळुरूत तीनशेहून जास्त माणसे गेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. फेणीने असे होत नाही. पण मामाने तसे म्हटले नाही. त्याने लाकूड थोडे मागे ओढले, जाळ बसला, मग म्हणाला, "मरतात. वेळ लागतो. माझा भाऊ गेला."

"माझाही," अत्ती म्हणाल्या.

लवणीत थेंब पडत होते. मामीने डवला उचलून पाणी ओतले, कारण मघापासून कोणीच ओतले नव्हते.

नंतर वर घरात चहा झाला. अत्तींनी मामाला भावाबद्दल सगळे विचारले, किती वर्षांचा, मुले किती, बायको काय करते. मामाने १९९१ नंतर इतके बोललेले मी ऐकले नव्हते. माझी काविळीची थाप तिथेच उघडी पडली. मी मान खाली घालून बसले होते. अत्ती माझ्याकडे वळून कन्नडमध्ये म्हणाल्या, तुला काय वाटले, मला ठाऊक नव्हते? आणि मग ती १९८७ सालची गोष्ट निघाली. माझा मुलगा सहा महिन्यांचा असताना त्याची छाती भरली होती. आई केरीहून आणलेली छोटी बाटली घेऊन आली आणि दोन थेंब कोमट करून त्याच्या छातीला चोळले. आजचे डॉक्टर याला साफ नाही म्हणतील, आणि बरोबरच आहे. तान्ह्या मुलाच्या कातडीतून दारू अंगात जाते. पण तेव्हा आजोळी सगळ्यांच्याच छातीला ती चोळलेली होती. अत्तींनी खोलीत येऊन विचारले होते, "इदेन वासनी?" हा कसला वास? मी म्हटले होते, गोव्याचे तेल आहे.

"सारायीचा वास मी ओळखणार नाही?" अत्ती म्हणाल्या. "पण त्यात हण्णिन वासनी होती." फळाचा वास. म्हणून त्या गप्प राहिल्या. एवढेच त्या म्हणाल्या, आणि बशीतला चहा संपवला. सदतीस वर्षे त्या आणि मी एकाच स्वयंपाकघरात वावरत होतो.

दुपारी भंगारवाला आला. साखळीचा, टेम्पो घेऊन. भाण काढून, धुऊन, अंगणात ठेवलेले होते. त्याने बोटाच्या पेराने वाजवून बघितले, वजनकाटा काढला. तांब्याचा त्या दिवशीचा भाव सांगितला, ठोके आणि डाग म्हणून त्यातून किती कापणार तेही सांगितले. मामा हिशेब करत नव्हता. तो भाणाच्या तोंडावरच्या एका खोकीकडे बघत होता. ती धाकट्याने पाडलेली होती, शाळकरी असताना, दगडाने.

"ते आम्ही घेतो," अत्ती म्हणाल्या. भंगारवाल्याने आमच्याकडे बघितले, यजमानांनी आपल्या आईकडे बघितले. किमतीवरून थोडे झाले. मामा पैसे घेईना, अत्ती फुकट घेईनात. शेवटी भंगारवाल्याने सांगितला तोच भाव त्यांनी कमरेच्या पिशवीतून मोजून मामीच्या हातात दिला. मामेभाऊ तेवढ्यात पाळीवरून आला होता. तो शहाणा. म्हणाला, नळी आणि लवणी नेऊ नका. नुसते भांडे म्हणजे भांडे. नळी-लवणी बरोबर आली की ते यंत्र होते आणि घाटावर त्याचे उत्तर देता येणार नाही. बाटलीसुद्धा नको, एकही. आम्ही काहीच घेतले नाही. मामीने तेवढा करवंटीचा डवला भाणात टाकला.

घाट चढून कर्नाटकात शिरले की नाका लागतो. गोव्याहून येणाऱ्या गाडीची डिकी उघडतातच आणि तसे करणे त्यांचे कामच आहे. आमची डिकी बंदच होत नव्हती, दोरीने बांधली होती. तरुण पोरगा होता, त्याने वाकून वास घेतला आणि सरळ उभा राहिला. यजमानांना घाम फुटला. ते बँकेत आयुष्य घालवलेले, खोटे बोलायची सवय नाही. अत्तींनी मागची काच खाली केली आणि त्यांच्या अस्सल बैलहोंगली कन्नडमध्ये म्हणाल्या, "नीर कासू हंडे ऐतिरी." पाणी तापवायचा हंडा आहे. त्याने म्हातारीकडे बघितले, भाणाकडे बघितले, झाकण नाही, नळी नाही हेही पाहिले असावे. "होगरी," म्हणाला. जा.

पुढे जांबोटीपर्यंत कोणी बोलले नाही. मग यजमान हसायला लागले आणि हसता हसता त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. अत्ती म्हणाल्या, खोटे काय बोलले मी? घरी जाऊन पाणीच तापवणार आहे.

आणि खरेच तसे झाले. तांबट बघायला आला. तोंड अरुंद आहे, कापून मोठे करून देतो म्हणाला. अत्तींनी कापू दिले नाही. परसात तीन दगडांवर भाण बसवले. दर शनिवारी त्या चिंच-मीठ लावून ते घासून घेतात, कामवालीकडून, स्वतः समोर खुर्ची टाकून. तोंडातून तांब्या आत जात नाही, म्हणून मामीच्या डवल्याने पाणी काढावे लागते. पहिले दोन महिने कढत पाण्याला वास यायचा. नातू नाक मुरडायचा आणि गीझरचे पाणी घ्यायचा. अत्ती मात्र बादलीवर वाकून एकदा वास घ्यायच्या आणि मग अंगावर ओतून घ्यायच्या.

या पाडव्याला मामाला फोन केला. वास अजून येतो काय, असे त्याने विचारले. मी म्हटले, मला येत नाही, अत्तींना येतो म्हणतात.